हवा मोजणारी तार

टेबलावर दोन खोकी होती आणि विजयकुमार चार वाजता येणार होता. तोवर कोणतं खोकं उघडायचं ते ठरवायचं होतं.

पहिल्यात उघडा फिल्टर होता. गॅरेजवाले त्याला कोन म्हणतात. तेलात भिजवलेल्या लाल कापडाच्या घड्या, मागे हातभर लांबीची चकचकीत नळी. बोनट उघडलं की पहिली नजर त्याच्यावरच जावी असा. दुसऱ्यात काळा बंद डबा होता. त्याच्या आत कोरडा फिल्टर बसायचा आणि पुढच्या जाळीतून गार हवा घेणारं तोंड होतं. तो कुणाच्या डोळ्यात भरला नसता. दोघांचं काम एकच होतं: कंपनीने दिलेला हवेचा मार्ग काढून टाकायचा आणि इंजिनाला जास्त मोकळा श्वास द्यायचा.

गाडी विजयकुमारची होती. मोंढ्याच्या बाजारातल्या हळदीच्या जुन्या अडत्याचा हा मुलगा. टर्बो इंजिनाची निळी स्पोर्ट्स सेडान त्याने पुण्याहून आणली होती, आधीच्या मालकाने इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून ताकद वाढवलेली. परवा विदर्भातल्या एका बंद धावपट्टीवर अशा गाड्यांची शर्यत होती आणि विजयकुमारने अर्ज भरला होता.

राणी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. परीक्षा संपल्या होत्या, म्हणून गेले तीन दिवस ती भावाच्या गॅरेजमध्ये, गाडीत शेजारच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसली होती. सोमवारी कंपनीचा फिल्टर, मंगळवारी कोन, बुधवारी डबा. रस्ता तोच, वेळ तीच, पेट्रोलचा काटाही जवळपास तिथेच.

तो भाऊ, धम्मानंद, तिच्याहून चार वर्षांनी लहान. पुण्यातल्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून त्याने औंढ्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घातलं त्याला आठ महिने झाले होते. हिंगोलीत टर्बो गाड्या मोजक्या, आणि त्यांचे मालक बहुतेक एकमेकांना मोंढ्यातच भेटतात. विजयकुमारची गाडी धडपणे पळाली तर बाकीच्या आपोआप येतील. तिचं इंजिन गेलं तर संध्याकाळपर्यंत चहाच्या प्रत्येक टपरीवर बातमी असेल आणि शेडवर पुन्हा मोटारसायकलीच उभ्या राहतील. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. तिघंही तीन दिवस हळू आवाजात बोलत होते, एवढंच.

तिसरे त्यांचे वडील, पुंजाजी. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी शेडवर येत, पान्हे पुसून ओळीने लावत आणि न विचारता काही बोलत नसत.

"ताई, तुझं झालं का?" धम्मानंदने हात पुसत विचारलं.

राणीने वही फिरवून त्याच्याकडे केली. तिचं काही झालं नव्हतं. उलट, कालपासून एक आकडा तिला सतावत होता.

उष्णतेचे आकडे सरळ होते. मंगळवारी मोंढ्याबाहेर हळदीच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकल्यावर कोनाने इंजिनाजवळची तापलेली हवा ओढली, अठ्ठ्याहत्तर अंश. बुधवारी तशाच रांगेत डब्याची हवा पन्नासच्या वर गेली नाही. गरम हवा विरळ असते. हिशोब करून तिने भावाला सांगितलं होतं, शंभर माणसांची बस भरायची आणि आठ जण फाटकावरच राहायचे, तसं. इथपर्यंत डबा जिंकला होता.

पण इंजिनात प्रत्यक्ष किती हवा गेली, तो आकडा उलटा होता. मोकळ्या रस्त्यावर, त्याच वेगाला, डब्यातून कोनापेक्षा कमी हवा जात होती. कोनापेक्षाच काय, कंपनीच्या जुन्या फिल्टरपेक्षाही कमी.

"डब्यानं गाडीचा गळा दाबला ताई," धम्मानंद म्हणाला. "तू म्हणतेस गार हवा. पण आत जाऊनच नाही राहिली, तर गार आन् गरम काय चाटायचंय?"

"कंपनीच्या फिल्टरपेक्षा कमी कशी जाईल धम्मा? डब्याचं तोंड दीडपट मोठं आहे."

"मोजलं कुणी? तूच ना?"

आकडा तिनेच लिहिला होता.

विजयकुमार चारला पाच कमी असताना आला. सदऱ्याच्या बाहीवर हळदीची पिवळी पूड होती. एप्रिलात मोंढ्यातून येणाऱ्या प्रत्येक माणसावर ती असते. पॉलिशचे ढोल फिरायला लागले की झाडांची पानंसुद्धा पिवळी होतात.

"काका, जय भीम! काय म्हणते आमची निळी नवरी?"

"बसा विजूशेठ," पुंजाजींनी स्टूल पुढे केलं.

"बसायला टाइम न्हाई. ताई, मला शाळेतल्यावानी समजावू नका. डबा का कोन, एका शब्दात सांगा."

"डबा," राणी म्हणाली.

"काहून?"

तिने उष्णतेचं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं, आणि मग धम्मानंदकडे पाहिलं. "तू काय म्हणतोस?"

धम्मानंदने बहिणीकडे पाहिलं. तो नाही बोलला तरी वही उघडी होती, आणि राणीला आकडा झाकणं जमणार नव्हतं. तिने स्वतःच बोट ठेवून दाखवलं. "हवा मात्र डब्यातून कमी जाते आहे असं दिसतं. हे असं का, ते मला अजून कळलेलं नाही. मला एक दिवस द्या."

"परवा शर्यत हाय आन् तुमी एक दिवस मागून राहिल्या." विजयकुमार हसला, पण उठून खोक्याजवळ गेला. "तुमाला खात्री न्हाई ना? मंग माझ्या कानाला खात्री हाय. कोन बसव धम्मा. टर्बोची शिट्टी ऐकू आली पायजे, नाहीतर कसली स्पोर्ट्स गाडी? त्या डब्यात आमची आत्या लोणचं घालंल."

अर्ध्या तासात कोन बसला. हवा मोजणारा छोटा सेन्सर डब्याच्या नळीतून काढून कोनाच्या नळीत लावला गेला, कारण गाडीला तो एकच असतो. नळी बदलली तरी तो तोच राहतो. गाडी सुरू झाली तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. विजयकुमारने काच खाली घेतली. त्याचा चेहरा अगदी लग्नघरातल्या पोरासारखा झाला होता.

"बायपासला चाललो ताई," धम्मानंद शेजारी बसत म्हणाला. "दोन-तीनदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहतो, आन् येतो."

पुलाचं काम अडकल्यामुळे तो वळणरस्ता अजून वाहतुकीला उघडला नव्हता. सहा किलोमीटर दूर. दोन किलोमीटर सरळ डांबर आणि माणूस नाही.

गाडी गेली. राणी वही घेऊन खाली बसली. ती हरली होती याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटत होतं, की चुकीचं काय झालं ते तिला सापडत नव्हतं. तिने हवेचे आकडे सोडले आणि शेजारचा, आतापर्यंत न पाहिलेला रकाना वाचायला घेतला.

इंजिनाचा कॉम्प्युटर सेन्सरला विचारतो, हवा किती आली? तेवढ्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल सोडतो. मग धुराकडे पाहून तपासतो, कमी पडलं का? पडलं असेल तर वाढवतो. किती टक्के वाढवलं, ते त्या रकान्यात होतं.

सोमवारी दोन टक्के. मंगळवारी सकाळी तीन. मंगळवारी दुपारी सहा. संध्याकाळी नऊ. बुधवारी, डब्यावर, तेरा.

तिने पुन्हा वाचलं. आकडे फिल्टरप्रमाणे बदलत नव्हते. तासाप्रमाणे वाढत होते.

म्हणजे डबा हवा अडवत नव्हता. हवा भरपूर जात होती, सेन्सरच कमी सांगत होता. मंगळवारपासून तो हळूहळू आंधळा होत चालला होता. त्याच्या पोटात केसाएवढी बारीक तापलेली तार असते. वाहती हवा तिला जेवढी गार करते त्यावरून हवेचं माप निघतं. तारेवर काही चिकटलं, तर ती गार होत नाही आणि हवा कमी भासते.

काय चिकटलं असेल? ती उठली आणि कोनाचं रिकामं खोकं उचललं. तळाच्या पुठ्ठ्यावर बशीएवढा गोल तेलकट डाग होता. कारखान्यातून येतं त्या तेलाचा एवढा डाग पडत नाही. ते जेमतेम कापड ओलं करतं.

"बाबा, या फिल्टरला तेल कुणी लावलं?"

पुंजाजी पान्हा पुसत होते. "मी. मंगळवारी सकाळी. धम्मा च्या प्यायला गेला तवा."

"किती?"

"चांगलं पाजलं. लई सुकं दिसत होतं. ही हळदीची धूळ लई बारीक असती पोरी, मैद्यावानी. सुक्या कापडातून आरपार जाती. डेपोत हळदीच्या दिवसांत आमी फिल्टरच्या वाटीत खुणेच्या वर तेल भरायचो. एक इंजिन गेलं न्हाई एकतीस वर्षांत." ते थांबले. तिचा चेहरा त्यांना दिसला असावा. "आजबी दिलं. मंगळवारचं वाळलं आसंल म्हणून. खोकं उघडल्याबरोबर, धम्मा सेन्सर काढत होता तवा."

राणीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. काचा खाली असणार आणि गाडीचा आवाज मोठा. दुसऱ्यांदा लावला. विजयकुमारचा नंबर तिच्याकडे नव्हता.

"बाबा, स्कूटीवर बसा."

"काय झालं?"

"बसा, सांगते."

तिने वाटेत ओरडून सांगितलं, कारण वारा तोंडावर येत होता. साध्या वेगात कॉम्प्युटर चूक मागून सावरून घेतो. पूर्ण दाबल्यावर त्याला धुराकडे बघायला फुरसत नसते. सेन्सर सांगेल तेच खरं मानून तो पेट्रोल सोडतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, वरून हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब. आतली आग इतकी तापते की पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात.

मागून पुंजाजी म्हणाले, "आमच्या एसटीत ती तार नव्हती."

"नव्हती बाबा. तुमचं एसटीसाठी बरोबर होतं."

"आता न्हाई ना."

स्कूटीचा काटा साठाच्या पुढे सरकत नव्हता. ट्रॅक्टर, मग आणखी एक ट्रॅक्टर, पोत्यांवर झोपलेला माणूस. तिसऱ्याने वाट दिली नाही तेव्हा तिने डावीकडच्या मातीतून स्कूटी काढली. एरवी तिने असं कधीच केलं नसतं. डोक्यात तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं: सेन्सर खराब झाला आहे. एवढंच म्हणायचं. सेन्सर खराब होतात. कुणामुळे, ते विजयकुमारला सांगायची काय गरज?

वळणरस्त्याच्या तोंडाशी ठेवलेल्या दगडांमधून स्कूटी आत घुसली तेव्हा निळी गाडी पलीकडच्या टोकाला वळत होती. ती थांबली. मग आवाज आला, आधी जाड, मग उंच, आणि त्यावर टर्बोची लांब शिट्टी. गाडी त्यांच्याकडे येऊ लागली.

राणीने दोन्ही हात हलवले. उन्हं गाडीच्या समोरून होती. आतल्यांना काही दिसत नसावं. आवाज वाढला. आणि पुंजाजी एकदम म्हणाले, "इंजिन ठोकतंय."

तिला अजून ऐकू आलं नव्हतं. दोन सेकंदांनी आलं. गर्जनेच्या खाली एक बारीक, कोरडा आवाज, पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा.

पुंजाजी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पाय फाकवून, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे आडवे धरून. डेपोत बस मागे घेताना ड्रायव्हरला थांबवायची ती खूण. धोतराचा सोगा वाऱ्याने उडत होता आणि ते हलत नव्हते.

"बाबा!"

टायर ओरडले. गाडी तिरकी झाली, सरळ झाली, आणि त्यांच्यापासून वीसेक पावलांवर थांबली.

"काका, मरायचं होतं का?" विजयकुमार दार उघडून बाहेर आला. "येडे झाले का तुमी?"

"इंजिन बंद करा."

धम्मानंदने आत वाकून किल्ली फिरवली. शांतता झाली. तापलेलं लोखंड कुरकुरत होतं.

"सेन्सर खराब झाला आहे," राणी म्हणाली. "हवा कमी सांगतोय. पेट्रोल कमी पडून इंजिन ठोकत होतं."

"कसा काय खराब झाला? सकाळपर्यंत तर चांगला होता."

"होतो कधीकधी—"

"होतो न्हाई," पुंजाजी म्हणाले. "मी केला. फिल्टरला मी जास्तीचं तेल दिलं, दोनदा. कुणाला इचारलं न्हाई. ते उडून तारेवर बसलं, त्यावर धूळ चिकटत गेली. पोरांना म्हाईत नव्हतं."

धम्मानंदने मान खाली घातली होती.

"किती वेळा पूर्ण दाबली?" राणीने विचारलं.

"ही दुसरी," धम्मानंद म्हणाला. "पहिल्याला तिसऱ्या गियरपर्यंतच गेलो."

"आता काय? गेलं का इंजिन?" विजयकुमार बोनटकडे बघत म्हणाला.

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

एका ओळखीच्या पिकअपने गाडी दोरीने ओढत शेडवर आणली. उन्हं उतरायला लागली होती.

धम्मानंदने चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. राणीने भिंग घेतलं. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते, आणि त्यांत दोन चमकत होते. चमकणारा ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तिने प्लग विजयकुमारच्या हातात दिला आणि भिंगही दिलं. तो बघत होता तेव्हा तिने काय दिसतं ते सांगितलं.

"म्हंजे गेलं."

"म्हणजे वितळायला सुरुवात झाली होती. किती, ते दाब सांगेल."

दाब मोजायचा गेज पहिल्या भोकात बसवला. विजयकुमारने आत बसून स्टार्टर फिरवला. काटा उड्या मारत चढला. बारा. राणीने लिहिलं. दुसरा. अकरा पूर्णांक आठ. मग धम्मानंद गेज घेऊन चौथ्याकडे गेला.

"तिसरा राहिला," राणी म्हणाली.

"घेतो ना."

चौथा बारा. आता दुसरं भोक उरलं नव्हतं. धम्मानंदने गेजची नळी तिसऱ्यात फिरवली. त्याची बोटं दोनदा आट्यांवरून घसरली. स्टार्टर फिरला. एक, दोन, तीन, चार फेऱ्या. काटा नऊवर थांबला.

विजयकुमारने स्टीयरिंगवरून वाकून विचारलं, "किती?"

"नऊ," राणी म्हणाली. "गेज काढ धम्मा. पुन्हा बसव."

"ताई, नऊ म्हंजे नऊ."

"बाकीच्यांना किती आटे गेले होते?"

"सहा-सात."

"याला?"

त्याने नळी उलटी फिरवून मोजली. "चार."

पुंजाजी पुढे आले. "बाजूला सर," ते मुलाला म्हणाले. त्यांनी भोकाच्या कडेवरची माती बोटाला फडकं गुंडाळून पुसली, नळी सरळ धरली आणि डोळे मिटून फिरवू लागले. सात आटे गेले. मग ते मागे झाले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

स्टार्टर फिरला. काटा आठवर गेला, नऊवर, दहावर. चौथ्या फेरीला अकरावर जाऊन टेकला.

"पुन्हा," राणी म्हणाली.

अकरा.

"पुन्हा."

अकरा.

तिने भागाकार केला. "सगळ्यात मोठ्यापेक्षा आठ टक्के कमी. दहापर्यंत चालतं. पिस्टनला भोक नाही."

धम्मानंद खाली जमिनीवरच बसला. विजयकुमार गाडीतून बाहेर आला, प्लग पुन्हा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"मंग परवा जाता येतं?"

"नाही."

"आत्ताच तर म्हनल्या चांगलं हाय."

"चालतं म्हणाले. आज वाचलं ते दोन-तीन सेकंदांनी वाचलं. तिथं तुम्ही ते दिवसभर दाबाल. सेन्सर धुवायचा, नळी धुवायची, मग सगळं पहिल्यापासून मोजायचं. माझे बुधवारचे हवेचे सगळे आकडे खोटे आहेत, मंगळवारचेही निम्मे. परवापर्यंत होणार नाही."

"अख्ख्या मोंढ्याला सांगून बसलो मी." तो येरझाऱ्या घालू लागला. "नांदेडला नेली असती तर हे झालं नसतं. ओढून नेतो आताच. पिकअपवाला हायेच बाहेर."

धम्मानंदने उठून गाडीतली किल्ली काढून पुढे केली.

विजयकुमारने किल्ली घेतली आणि राणीकडे वळला. "काका बोलले नसते तर तुमी सांगणार होत्या का, तेल कुणी टाकलं ते?"

"नाही," राणी म्हणाली.

"आन् तिसऱ्याचा आकडा नऊच आला असता तर?"

"तो मगाशी सांगितलाच की. नऊ."

पिकअपवाल्याने बाहेरून हॉर्न दिला. विजयकुमारने खिशातून फोन काढून मोंढ्यातल्या एका दोस्ताला लावला.

"हां, किसनराव. न्हाई, परवाचं रद्द... आरं झालं काहीतरी, सांगतो मागून, हसू नको. तू मोटारसायकल घेऊन ये मला न्यायला... गाडी?" त्याने किल्ली टेबलावर, काळ्या डब्याच्या खोक्याशेजारी ठेवली. "गाडी हाय इथंच. आठ-धा दिवस राहील... न्हाई, नांदेडला काहून? इथंच."

फोन ठेवून तो दाराशी गेला आणि पिकअपवाल्याला हाताने जा म्हणून खुणावलं. मग वळून पुंजाजींना म्हणाला, "काका, तुमी हात लावू नका आता कशाला."

"न्हाई लावत," पुंजाजी म्हणाले. "पर मोजाया निघाले की मागं बसू द्या. मला पोरांच्या आधी ऐकू येतं."

"ते पाहिलं म्या," विजयकुमार म्हणाला.

राणीने वहीचं नवं पान काढलं आणि वर उद्याची तारीख लिहिली.